महापालिकेच्या वनस्पती उद्यानाशी लोक जोडायचे कसे?

रानजाई: आमच्या शहरातल्या जुन्या उद्यानात दुर्मीळ वृक्ष बरेच आहेत. सकाळी चालायला गर्दी असते, पण मान वर करून झाडाकडे कुणी बघत नाही. वृक्षफेरी आणि नावाच्या पाट्यांना उद्यान विभाग तयार आहे. फेरी कशी आखावी? पाट्या कशा लावाव्यात? आणि देणग्यांचं काय?

वडाचीपारंबी: फेरीत २० माणसं, १२ झाडं, दीड तास. त्याहून जास्त माणसं घेतलीत तर मागच्यांना काही ऐकू येत नाही. आधी माळ्यांशी बोला. कुठलं झाड कधी फुलतं हे त्यांना पाठ असतं. कैलासपती असेल तर फेरी सकाळी लवकर ठेवा. फुलं थेट खोडावर येतात, नागाच्या फण्यासारखा पुंकेसरांचा झुबका फूल न तोडता वाकवून दाखवता येतो, आणि वास तेव्हा ताजा असतो. कृष्णवडाचं गळलेलं पान मुलांच्या हातात द्या, देठाजवळच्या द्रोणात पाणी घालून बघू दे. वार ठरलेला हवा, उदाहरणार्थ महिन्याचा पहिला रविवार. तारीख सारखी बदलली की माणसं तुटतात. मुंबईत राणीची बाग वाचवायला नागरिक उभे राहिले, त्यांच्याही कामात वृक्षफेऱ्या होत्या. झाड नावानिशी ओळखणारा माणूसच ते तोडायला निघाल्यावर हरकत घेतो.

सालपट: पाट्यांसाठी खिळा अजिबात नको, जखमेतून बुरशी शिरते. खोडाला आवळलेली तारही वाईट. खोड जाड होतं, तार सालीत रुतते आणि पानांकडून मुळांकडे जाणारं अन्न अडतं. खोडापासून २-३ फुटांवर, मुळं चुकवून, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप रोवा. ६ बाय ४ इंचांचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा घ्या आणि अक्षरं कोरून घ्या; स्टिकर उन्हात उडतो. मराठी नाव, शास्त्रीय नाव, कुळ, मूळ प्रदेश, एवढं पुरे. नावं मात्र कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडून फुलाफळांसकट तपासून घ्या. उंच, सरळसोट आसुपालवाला ‘अशोक’ म्हणणारी पाटी हमखास लागते. खरा सीतेचा अशोक वेगळाच, केशरी-लाल गुच्छांचा. चुकीची पाटी वर्षानुवर्षं चुकीचंच शिकवते.

हिशेबनीस: गटाची नोंदणी होईपर्यंत कुणाच्याही वैयक्तिक खात्यावर पैसे घेऊ नका. देणगीदाराने पाट्यांचं बिल थेट दुकानदाराला भरावं, वस्तू पत्रासह उद्यान विभागाला द्याव्यात आणि जडवस्तू नोंदवहीत (टिकाऊ सामानाच्या वहीत) नोंद करून घ्यावी. नोंद नसली तर ठेकेदार बदलला की पाट्या भंगारात जातात. नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे करा, देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी मान्यता (१९६१च्या आयकर कायद्यातलं ‘८०जी’) त्यानंतर. तेव्हाही २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवर करसवलत मिळत नाही, हे आधीच सांगा.

रानजाई: झाड दत्तक दिलं तर पाटीवर देणगीदाराचं नाव घालावं का?

हिशेबनीस: नको. नावं प्रवेशद्वाराजवळ एकाच फलकावर, आणि दत्तक एका वर्षापुरतंच. कायमचं दिलंत तर पुढच्या वर्षी पाणी आणि खताचा खर्च मागायला जागा उरत नाही.