तीन हजार वर्षं झाली, अजून तलवारच?

रात्रपाळी (धागाकर्ता)
दिवाळीच्या सुट्टीत टॉल्किनची फँटसी कादंबरी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' तिसऱ्यांदा वाचली, या खेपेला शेवटच्या सनावळ्यांसकट. तिथेच ठेच लागली. राजपुत्र इसिल्दूर खलनायक सौरॉनची जादूची अंगठी कापून घेतो तिथपासून ती अंगठी ज्वालामुखीत पडेपर्यंत जवळपास ३००० वर्षं जातात. लढाई तेव्हाही तलवार-भाल्यांची आणि शेवटीही तलवार-भाल्यांचीच. आपल्याकडे तेवढं मागे गेलं तर लोखंड नुकतं कुठे रुळू लागलेलं दिसतं.

टॉल्किनचं एक वेळ सोडा, त्याला ऱ्हासच दाखवायचा होता. पण नंतरच्या फँटसी लेखकांनी ते आयतं उचललं. जो उठतो तो हजारो वर्षांचं राजघराणं मांडतो, आणि तेवढ्या काळात साधी पाणचक्की सुधारत नाही. माझ्या मते हा निव्वळ आळस आहे. आकड्यापुढे दोन शून्यं वाढवली की जग भव्य होतं, अशी समजूत.

खिळेमोळे
साफ असहमत. प्रगती आपोआप होतच राहते, हे तुम्ही गृहीत धरलंय. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने पहिल्या शतकात वाफेवर गरगर फिरणारा गोळा करून दाखवला होता. त्याचं पुढे काय झालं? काही नाही. कोळशाच्या खाणीतलं पाणी उपसायला न्यूकोमेनचं वाफेचं इंजिन आलं ते १७१२ मध्ये. ते कोळसा इतका खायचं की खाणीच्या तोंडाशीच परवडायचं. वॉटने सुधारणा सुचवून १७६९ मध्ये पेटंट घेतलं, तरी घोडं अडलंच, कारण नीट गोल सिलिंडर कोणाला कोरता येईना, वाफ निसटायची. मग विल्किन्सनचं नळ्या कोरायचं यंत्र आलं, १७७४ चं. ते मुळात कशासाठी होतं माहितीये? तोफांच्या नळ्या कोरायला!

म्हणजे ज्या जगात बारूद नाही तिथे तोफ नाही, आणि तोफ नाही तिथे हे इंजिनही या वाटेने येत नाही. एक विट काढा, वरची भिंत चढतच नाही. हा लेखकाचा आळस कसा?

रात्रपाळी
इंजिन नाही, मान्य. पण इंजिन नसणं वेगळं आणि काहीच न बदलणं वेगळं. ज्या युरोपीय मध्ययुगाची सगळे नक्कल करतात, तिथे बाराव्या शतकाच्या शेवटापासून पुढच्या सव्वाशे वर्षांत पवनचक्क्या, चष्मे आणि यांत्रिक घड्याळं आली. आणि या कादंबऱ्यांतलं अंगभर पोलादी चिलखत पंधराव्या शतकातलं. तोफेचं युरोपातलं जुनं चित्र १३२६ चं आहे! तोफा वगळून तसलं चिलखत ठेवणं म्हणजे मोटारसायकल काढून हेल्मेट ठेवण्यासारखं.

खिळेमोळे
उपमा झकास, पण चुकली. चिलखत काही तोफेपायी आलं नाही. भाले आणि क्रॉसबो होतेच की.

चिंचबोर
इतक्या लांब कशाला जाता? छापखाना गोव्यात १५५६ मध्ये उतरला. १६१६ मध्ये फादर स्टीफन्सचं ख्रिस्तचरित्र 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं, भाषा मराठी पण लिपी रोमन. देवनागरी खिळ्यांनी (छपाईच्या धातूच्या अक्षरांनी) मराठी छापायला १८०५ उजाडलं, तेही बंगालात, श्रीरामपूरला, मिशनरी विल्यम केरीच्या मराठी व्याकरणासाठी. जवळपास अडीचशे वर्षं यंत्र घाटाखाली, आणि घाटावर पोथ्या हातानेच उतरवल्या जात होत्या. लोक मठ्ठ होते का? नाही. जोडाक्षरांसाठी शेकडो खिळे पाडायचे, त्याला पैसा कोण घालणार? त्यात पोथी लिहून देणारे हुशार लोक स्वस्तात मिळत होते.

फँटसीत मला हे हवंय. यंत्र शेजारच्या राज्यात आहे, सगळ्यांना ठाऊक आहे, तरी कोणी आणत नाही. का आणत नाही, यातच अर्धी कादंबरी आहे.

रात्रपाळी
हे पटलं. कारण असेल तर साचलेपणाला माझी हरकत नाही. कारणच नसतं, हे दुखणं आहे.

उंटावरचा
कारण? जादू. मंत्राने भिंत पडत असेल तर तोफ कोण ओतत बसेल?

आणि टॉल्किनवर अन्याय नको. त्याच्या बिल्बो या पात्राच्या घरात घड्याळ आहे. हेल्म्स डीप या गडाची भिंत स्फोटाने उडते. तिथे यंत्रं आहेत, फक्त दुष्ट जादूगार सारुमानच्या हातात आहेत. ती त्याची भूमिका आहे, विसर पडलेला नाही.

रात्रपाळी
टॉल्किनबद्दल शब्द मागे घेतो, जादूबद्दल नाही. दहा गावांत एक जादूगार, तो राजाच्या पदरी. शेतकऱ्याची मोट कोण ओढणार? त्याला चांगल्या रहाटाची गरज उलट जास्तच. शिवाय मंत्र दर वेळी तसाच चालत असेल तर तेही तंत्रच झालं. मग हजार वर्षांत त्यात तरी सुधारणा का नाही?

उंटावरचा
कारण गुरू हातचं राखून शिकवतो! घराण्यातली चीज बाहेर जाऊ न देणारे बुवा ऐकले नाहीत का? दक्षिण भारतातलं वूट्झ पोलाद दमास्कसपर्यंत नाव कमावून होतं, पण एकोणिसाव्या शतकात भट्ट्या विझल्या आणि हातातली विद्याही गेली. जादूगाराचा एकुलता शिष्य पटकीने मेला, की पुढचा पुन्हा श्रीगणेशापासून. असं दहादा झालं की हजार वर्षं सहज संपतात.

चिंचबोर
+१. हे कोणीतरी लिहा राव.

पोहेवाला
मी काय म्हणतो, ड्रॅगन उडत असताना तुम्ही पाणचक्की बघता? दंडवत.

खिळेमोळे
ड्रॅगन रोज किती गुरं खातो हेही बघतो. तुम्ही पोहे संपवा.

रात्रपाळी
आता कबुली देतो. माझ्या अर्धवट कादंबरीतलं राजघराणंही २००० वर्षांचंच आहे. आज बसून ते ६०० वर आणतो. दरबारातला भाट मात्र २००० च सांगेल, त्याला बिदागी त्याचीच मिळते.