आयईएलटीएसच्या रायटिंगमध्ये ६ वर अडकले आहे. पुन्हा हीच परीक्षा द्यावी की ओईटीकडे वळावे?

रातपाळी (बडोदे)

सर्वांना नमस्कार. मी बडोद्यातील एका खाजगी रुग्णालयात गेली चार वर्षे स्टाफ नर्स म्हणून काम करते. माहेर दांडिया बझारातले, घरात मराठी, शाळा गुजराती माध्यमाची, आणि इंग्रजीशी खरा संबंध आला तो थेट नर्सिंगच्या पुस्तकांतून. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी व्हावी यासाठी मागच्या महिन्यात मी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा अकॅडेमिक प्रकार कॉम्प्युटरवर दिला. लिसनिंगमध्ये ७.५, रीडिंगमध्ये ७, स्पीकिंगमध्ये ७ आणि रायटिंगमध्ये ६ असा निकाल आला. सरासरी ६.८७५ होते आणि ती जवळच्या अर्ध्या बँडला (या परीक्षेत गुणांना बँड म्हणतात) नेतात, त्यामुळे एकूण बँड ७ मिळाला. घरी पेढेही वाटून झाले. तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला एकूण ७ तर लागतोच, पण शिवाय रायटिंगमध्ये स्वतंत्रपणे किमान ६.५ आणि बाकी तिन्हींत किमान ७ लागतो, याकडे माझे लक्ष नंतर गेले.

तीन महिने मी एका क्लासला जात होते. तेथे आम्हाला एक छापील वही दिली होती, जिच्यात निबंधाची प्रस्तावना, मधल्या परिच्छेदांची सुरुवात आणि समारोप तयार वाक्यांत दिलेला होता. विषय बदलला की फक्त मधला शब्द बदलायचा. मी ती वही तोंडपाठ केली. सरावासाठी आलेला विषय असा होता की सरकारने आजारांवरील उपचारांपेक्षा आजार टाळण्यावर अधिक खर्च करावा काय. माझ्या निबंधाची सुरुवात अशी होती : "इट इज अ‍ॅन अनडिनायेबल फॅक्ट दॅट हेल्थ इज अ बर्निंग इश्यू इन धिस कंटेम्पररी वर्ल्ड, विच हॅज बोथ मेरिट्स अँड डिमेरिट्स." क्लासमध्ये या वाक्याला शाबासकी मिळाली होती.

आता क्लासचे म्हणणे आहे की आणखी दोन महिन्यांचे शुल्क भरून दुसरी वही घ्यावी. रुग्णालयातील एक सहकारी सांगते की आयईएलटीएस सोडून ओईटी, म्हणजे आरोग्यसेवेतील लोकांसाठी असलेली इंग्रजीची परीक्षा, दे, कारण ती परीक्षा आपल्याच कामाची असते. रात्रपाळी सांभाळून अभ्यासाला दिवसाकाठी दीड तासापेक्षा जास्त वेळ मिळत नाही. कोणता मार्ग धरावा, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

विश्वामित्रीकाठ

ताई, पेढे वाया गेले असे समजू नका. मी स्वतः मांजलपूरची, आणि गेली काही वर्षे इंग्लंडमधील एका सरकारी रुग्णालयात काम करते. कौन्सिलच्या नियमांत दोन परीक्षांचे निकाल एकत्र धरण्याची सोय आहे. दोन्ही परीक्षा १२ महिन्यांच्या आत दिलेल्या असाव्यात आणि प्रत्येक कौशल्यात आवश्यक असलेला बँड दोहोंपैकी एका परीक्षेत तरी मिळालेला असावा. मात्र कोणत्याही परीक्षेत कोणताही बँड आवश्यकतेपेक्षा अर्ध्या बँडहून अधिक खाली जाता कामा नये. पूर्वी ही मुदत ६ महिन्यांची होती, ती २०२३ मध्ये वाढवली. म्हणजे तुमचे रायटिंगचे ६ चालून जातात. पुढच्या वेळी रायटिंगमध्ये ६.५ आणले आणि बाकीच्या तिन्हींत ६.५ च्या खाली गेला नाहीत, तरी काम होते. अर्ज करण्यापूर्वी कौन्सिलच्या संकेतस्थळावर नियमाची सध्याची शब्दरचना एकदा स्वतः वाचून घ्या.

ओईटीबद्दल सांगायचे तर ती परीक्षा खरोखरच आपल्या ओळखीची आहे. लेखनात रुग्णाच्या नोंदी समोर ठेवून एक पत्र लिहायचे असते, बहुधा दुसऱ्या डॉक्टरकडे किंवा परिचारिकेकडे रुग्णाला सोपवण्याचे; त्यासाठी ४५ मिनिटे असतात आणि त्यांतील पहिली ५ फक्त वाचण्यासाठी. बोलण्याच्या भागात परिचारिका म्हणून दोन प्रसंग निभवायचे असतात. लेखनात सी प्लस आणि बाकी तिन्हींत बी श्रेणी मिळवावी लागते. परंतु तिचे शुल्क आयईएलटीएसपेक्षा बरेच जास्त आहे आणि तयारी पहिल्यापासून करावी लागते. केवळ अर्ध्या बँडसाठी मी तुमच्या जागी घर बदलले नसते.

एक गोष्ट मात्र स्वानुभवाने सांगते, कारण मलाही पहिल्या वेळी रायटिंगमध्ये ६ च मिळाले होते. आपण वॉर्डात दिवसभर जे इंग्रजी लिहितो, ते इंग्रजी नव्हेच. "पेशंट कॉन्शस, व्हायटल्स स्टेबल, ड्रेसिंग डन" यात क्रियापद अर्धे, 'अ' नाही, 'द' नाही. आठ तास असे लिहून घरी आल्यावर निबंधही तसाच लिहिला जातो. मी महिनाभर एकच सराव केला : ड्यूटी संपल्यावर त्या दिवशीच्या एका रुग्णाची नोंद, नाव-गाव वगळून, वहीत पूर्ण वाक्यांत पुन्हा लिहायची. आठ-दहा ओळी होत असत, पण हात वळला तो त्याने.

निवृत्त मास्तर

मी बडोद्यात बत्तीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले आणि आता सकाळी मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत वर्तमानपत्रे वाचत बसतो. आपले वाक्य मी दोनदा वाचले. मेरिट्स आणि डिमेरिट्स कशाचे, याचा आपण विचार केला होता काय? वाक्यात ते 'हेल्थ'ला चिकटले आहेत. आरोग्याचे फायदे मला ठाऊक आहेत. तोटे या वयात तरी अद्याप समजलेले नाहीत.

हसण्यावारी नेतो आहे असे कृपया मानू नका, कारण आपला अर्धा बँड येथेच गेला असावा. लेखनाला चार बाजूंनी सारखेच वजन देऊन गुण दिले जातात : प्रश्नाला दिलेले उत्तर, मांडणीतील सुसंगती, शब्दसंपदा आणि व्याकरण. वहीतील वाक्य व्याकरणाने कितीही शुद्ध असले तरी ते प्रश्नाचे उत्तर देत नाही, आणि परीक्षकाने तेच वाक्य तुमच्या आधी कितीतरी उमेदवारांच्या निबंधांत वाचलेले असते. शिवाय पाठ केलेले एक भारदस्त वाक्य आणि त्याच्या खाली स्वतःचे साधे, चुकलेले वाक्य यांची शिवण लगेच दिसते. दुसरी वही विकत घेऊ नका.

त्याऐवजी असे करून पाहा. विषय वाचल्यावर आपले मत आधी मराठीत, एका वाक्यात, मोठ्याने सांगा, जणू आई स्वयंपाकघरातून विचारते आहे. आपण म्हणाल, "पायाची जखम चिघळल्यावर आलेल्या मधुमेही माणसाचा पाय कापावा लागतो, त्याची साखर पाच वर्षे आधी कोणी तपासली असती तर पायही वाचला असता आणि पैसाही." हे आपण वॉर्डात डोळ्यांनी पाहिलेले आहे. निबंधाचा एक पूर्ण परिच्छेद यातच आहे, आणि तो वहीत कोठेही सापडणार नाही. विचार मराठीत झाला म्हणून काही बिघडत नाही. वाक्य मात्र इंग्रजीच्या वळणाने उतरवायचे, आणि तिथे आपल्या भाषेच्या दोन सवयी आडव्या येतात.

पहिली सवय अनेकवचनाची. मराठीत "एक पेशंट आला" आणि "चार पेशंट आले" यांत पेशंट बदलत नाही, क्रियापद बदलते. म्हणून आपले लोक इंग्रजीत 'फोर पेशंट' लिहितात आणि त्यांना काही चुकल्यासारखे वाटतही नाही. याचा फटका लिसनिंगमध्येही बसतो, कारण ध्वनिफीत एकदाच ऐकवली जाते आणि शेवटचा 'एस' सुटला तर उत्तर चुकीचे धरले जाऊ शकते. दुसरी सवय 'पासून'ची. "चार वर्षांपासून" आणि "२०२१ पासून" या दोहोंना आपल्याकडे एकच 'पासून' पुरते. गुजरातीतही 'थी' एकच. इंग्रजीत कालावधीला 'फॉर' आणि आरंभबिंदूला 'सिन्स' लागते, आणि क्रियापद 'हॅव बीन वर्किंग' असे धरावे लागते. "आय अ‍ॅम वर्किंग सिन्स फोर इयर्स" हे वाक्य मी बत्तीस वर्षांत इतक्या वेळा दुरुस्त केले आहे की आता झोपेतही माझा हात लाल पेनाकडे जातो.

सयाजीगंज

मी परिचारिका नाही. मागच्या वर्षी ऑस्ट्रेलियातील एम.एस.साठी ही परीक्षा दिली. मास्तरांचे म्हणणे पूर्ण मान्य करूनही एक साधी शंका विचारतो. ६० मिनिटांची वाटणी आपण कशी केली होती? पहिला टास्क, म्हणजे आलेखासारख्या माहितीचे वर्णन, किमान १५० शब्दांचा आणि दुसरा, म्हणजे निबंध, २५० शब्दांचा असतो, आणि दुसऱ्याचे वजन पहिल्याच्या दुप्पट असते. म्हणून २० आणि ४० मिनिटे अशी विभागणी सुचवलेली असते, पण पडद्यावरचे घड्याळ दोन्ही टास्कसाठी एकच चालते. कोणी मध्ये थांबवत नाही. माझ्या पहिल्या सराव परीक्षेत मी आलेखातला प्रत्येक आकडा लिहीत बसलो आणि निबंधाचा शेवटच राहिला. आलेखातील सर्व आकडे द्यायचे नसतात. ठळक बदल कोणता, सर्वांत वर काय, सर्वांत खाली काय आणि कोणत्या दोन गोष्टींची तुलना करण्याजोगी आहे, एवढे सांगून बाहेर पडायचे.

आणखी एक, निकालाची पुनर्तपासणी मागता येते. परीक्षेच्या तारखेपासून सहा आठवड्यांच्या आत अर्ज करायचा असतो आणि बँड वाढला तर शुल्क परत मिळते. बाकी तिन्ही बँड ७ किंवा वर असताना रायटिंग एकटेच ६ असेल तर मी हा प्रयत्न केला असता. मात्र त्यावर विसंबून तयारी थांबवली नसती.

रातपाळी (बडोदे)

आपल्या सर्वांची मनापासून आभारी आहे. सयाजीगंज यांचा प्रश्न अगदी वर्मी लागला. मी दोन बोटांनी टाइप करते, कारण आमच्याकडे नोंदी अजून हातानेच लिहिल्या जातात. पहिल्या टास्कवरून मान वर केली तेव्हा २८ मिनिटे संपली होती. निबंध २३० शब्दांवर थांबला, आणि त्यातील साठेक शब्द वहीतले होते. हे मी आजवर घरीही सांगितले नव्हते.

दोन निकाल एकत्र धरता येतात हे क्लासमध्ये कोणीच सांगितले नाही. कौन्सिलचा नियम मी काल रात्री ब्रेकमध्ये वाचला. ओईटीचा विचार सोडला आहे, पुनर्तपासणीचा अर्ज आज भरला, आणि त्याच्या उत्तराची वाट न पाहता दोन महिन्यांनंतरची आयईएलटीएसची तारीख घेते आहे. दीड तासातील पहिली २० मिनिटे टायपिंगला देणार आहे.

मास्तर, आपण सांगितल्याप्रमाणे आधी मराठीत बोलून मग लिहून पाहिले. तपासावे ही विनंती : "इन माय वॉर्ड, आय हॅव नर्स्ड मेनी डायबेटिक पेशंट हू लॉस्ट अ फूट बिकॉज नोबडी हॅड चेक्ड देअर ब्लड शुगर इन टाइम. अ सिंपल टेस्ट वुड हॅव कॉस्ट फार लेस दॅन द ऑपरेशन."

निवृत्त मास्तर

दुसरे वाक्य जसेच्या तसे राहू द्या. पहिल्यात 'मेनी'नंतरच्या पेशंटचा 'एस' राहिला. पुढचा परिच्छेद रविवारी येथेच टाका, वेळ लावून लिहा आणि किती मिनिटे लागली तेही कळवा.