डॅनियल डिफो : हेर, जासूद की हस्तक?

प्रश्न : स्कॉटलंड-इंग्लंड एकीकरणाच्या वेळी, १७०६मध्ये, 'रॉबिन्सन क्रूसो'चा लेखक डिफो एडिंबरोत गुपचूप जे करत होता त्याला मराठीत काय म्हणावं? 'गुप्तहेर' अपुरा वाटतो. 'जासूद' चालेल?

– जासूद नको. पेशवाईच्या कागदांत 'जासूदजोडी रवाना केली' म्हणजे पत्रं घेऊन दोघे निघाले. वाटेत दिसलं-ऐकलं तेही ते सांगत, पण मुख्य काम टपालाचं. डिफो पत्रं पोचवत नव्हता. इंग्लंडचा मंत्री रॉबर्ट हार्ले याला स्वतः बातम्या लिहीत होता. त्या कामाला 'हेर' किंवा 'बातमीदार' बसतो. मात्र आज बातमीदार म्हटलं की वर्तमानपत्राचाच माणूस डोळ्यांपुढे येतो, आणि डिफो 'रिव्ह्यू' हे नियतकालिकही चालवत असल्याने वाचकाचा हमखास घोळ होईल.

– त्याच्या सोंगासाठी कौटिल्याकडे नेमका शब्द आहे : वैदेहक, व्यापाऱ्याच्या वेषातला हेर. नोव्हेंबर १७०६च्या पत्रात डिफो हेच सांगतो. व्यापाऱ्यांना वाटतं तो जहाजं बांधणार, वकिलांना वाटतं घर-जमीन घेणार. ग्लासगोवाल्यांसाठी तो मासळीचा व्यापारी, ॲबरडीनकरांसाठी लोकरीचा, पर्थकरांसाठी तागाच्या कापडाचा. पण कौटिल्याचा वैदेहक एकाच धंद्यात बस्तान बसवतो, तो 'संस्था' म्हणजे एका जागी राहणाऱ्या हेरांच्या गटातला. डिफो माणसागणिक धंदा बदलतो. म्हणून 'वैदेहकासारखा' म्हणा, सरळ 'वैदेहक' नको.

– दोन्ही उत्तरांत अर्धं काम सुटलं. तो नुसता हेरत नव्हता. एकीकरणाच्या बाजूने निनावी पुस्तिका छापत होता, स्कॉटिश संसदेच्या समितीला व्यापार-करांबाबत सल्ला देत होता. बातमी काढणारा तो हेर. दुसऱ्याच्या वतीने, त्याचं नाव झाकून घटना वळवणारा तो हस्तक. मी लिहीन : 'डिफो हा हार्लेचा गुप्त हस्तक होता.' या शब्दाला 'कोणाचा?' हे सांगावंच लागतं, आणि इथे तेच महत्त्वाचं आहे. १७०३मध्ये न्यूगेट तुरुंगातून त्याची सुटका हार्लेनेच करवली होती.

प्रश्न : १७१८मध्ये तो सरकारच्या सांगण्यावरून विरोधकांच्या, नॅथॅनियल मिस्ट या प्रकाशकाच्या साप्ताहिकात शिरून मजकूर बोथट करत होता. तिथे 'फितूर' किंवा 'घरभेदी'?

– दोन्ही नाही. फितूर आधी त्या बाजूचा असावा लागतो, घरभेदी त्या घरचा. डिफो पहिल्यापासून बाहेरचा. 'सरकारने पेरलेला माणूस' हे साधं आणि बिनचूक.