भाड्याचा टॅक्स जुलैत अंगावर आला

म्हापशाचा फ्लॅट महिना 15,000 ने दिलाय. पगारातून टॅक्स कापतात, म्हणून मी निर्धास्त. रिटर्न भरताना 26,000 आणि वर व्याज! चवथीला बाजूला ठेवलेले पैसे गेले. यंदा काय करू?

— ताई, भाडेकरू टीडीएस (पैसे देतानाच कापायचा टॅक्स) कापत नाही ना? 1,80,000 मधून 30 टक्के वजा जाऊन उरलेल्यावर तुमच्या टप्प्याचे 20 टक्के आणि सेस (टॅक्सवरचा उपकर), म्हणजे तेवढेच होतात. टीडीएस वजा जाता 10,000 किंवा जास्त टॅक्स उरत असेल तर आगाऊ हप्त्यांनी भरायचा: 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर, 15 मार्चपर्यंत.

— त्यापेक्षा ऑफिसात भाडं लेखी कळवा, पगारातूनच जादा कापतील. मी फोंड्याच्या घराचं तसंच करते. एफडीचं व्याजही सांगा, बँक 10 टक्केच कापते.

— आजच अर्ज देते. देव बरें करूं!