देवीची लस घ्यायची आहे आणि मला सुई बघूनच घेरी येते

सुईभित्री:
मंडळी, हसू नका. "आता देवीची लस कोण घेतं?" असं आईनेही विचारून झालंय. मी अमेरिकेत एका लॅबमध्ये व्हॅक्सिनिया विषाणूवर (देवीच्या लशीत वापरतात तोच) काम सुरू करतेय, म्हणून आधी लस घ्या असा सल्ला मिळालाय. देवीच्या दोन लशी आहेत, एसीएएम२००० आणि जिनियोस; कुठली घ्यायची ते ठरायचंय.

माझी अडचण वेगळीच. रक्त द्यायला बसले तरी कानात शिट्टी वाजते, घाम फुटतो आणि पुढचं आठवतं ते थेट जमिनीवरचं. मागे एका ठिकाणी फॉर्मवर "रिअ‍ॅक्शन" लिहून टाकलं, तेव्हापासून जो तो विचारतो, कशाची ॲलर्जी? त्यात या लशीने हृदयाला सूज येते असं वाचलं. घाबरल्यामुळे होणारा त्रास आणि लशीचा खरा त्रास वेगळा ओळखायचा कसा? आणि एवढ्या टेन्शनमध्ये लस लागू पडते का?

ता. क. धाकट्याला इसब आहे. ते सांगायला हवं का?

निवृत्त_डॉक्टर:
ता. क. सगळ्यात वर हवा होता! घरात इसब असलेलं मूल असताना एसीएएम२००० नको. तिच्यात जिवंत, वाढणारा विषाणू असतो. दंडावर फोड येतो आणि खपली पडेपर्यंत त्यातून दुसऱ्याला लागण होऊ शकते. इसबाच्या त्वचेवर पसरला तर जिवावर बेततं. जिनियोसमधला विषाणू माणसाच्या शरीरात वाढत नाही. दोन डोस, २८ दिवसांचं अंतर. लॅबच्या डॉक्टरांना आजच सांग.

आता घेरी. घड्याळ बघायचं. भीतीने येणारी भोवळ टोचण्याआधी, टोचताना किंवा नंतरच्या पंधराएक मिनिटांत येते. चेहरा पांढराफटक, नाडी मंद, आडवं केलं की माणूस ताळ्यावर. तीव्र ॲलर्जीत नाडी जोरात धावते, अंगावर गांधी येतात, श्वास घरघरतो, आणि आडवं करून भागत नाही.

भीतीची साथही येते. १९९८ साली जॉर्डनमध्ये शाळेत धनुर्वात-घटसर्पाची लस दिल्यावर ८०० पेक्षा जास्त जणांना त्रास झाल्यासारखं वाटलं. बहुतेकांचा त्रास लशीमुळे नव्हता. आमच्या शाळेत देवी काढायला रांग लावत, तेव्हा पहिला पोरगा भोकाड पसरायचा आणि मागची अख्खी रांग सूर धरायची.

दंडावर_खूण:
मी अमेरिकन सैन्यात होतो, एसीएएम२००० घेतली आहे. दोन टोकांची सुई औषधात बुडवून एकाच जागी पंधरा वेळा टोचतात. दुखत नाही, नंतरची खाज मात्र वेड लावते. खपली पडेपर्यंत पट्टी, टॉवेल वेगळा, हात सतत धुवायचे.

नवव्या दिवशी छातीत दुखायला लागलं. "टेन्शन असेल" म्हणून मला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरने रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) तपासलं, ते वाढलेलं होतं. बरा झालो, पण ताई, दहाव्या दिवशीचं दुखणं सुईच्या भीतीच्या खात्यावर कुणाला टाकू देऊ नका.

निवृत्त_डॉक्टर:
अगदी बरोबर. २००२-०३ मध्ये अमेरिकेने सैनिकांना ड्रायव्हॅक्स ही देवीची जुनी लस दिली. पहिल्यांदाच लस घेणाऱ्या सुमारे २,३०,००० जणांत हृदयाला सूज आलेले १८ सापडले, सगळे लशीनंतर ७ ते १९ दिवसांत. एसीएएम२००० च्या चाचण्यांत ईसीजी आणि ट्रोपोनिन मुद्दाम तपासले, तर प्रमाण १७५ जणांत एक निघालं. कित्येकांना त्रासच जाणवला नव्हता. शोधलं की सापडतं.

टेन्शन आणि लस: फिरदौस धाभर या संशोधकांच्या उंदरांवरच्या प्रयोगांत थोड्या वेळाच्या ताणाने त्वचेची प्रतिकारशक्ती उलट जोरात चालली. रोजचा, न संपणारा ताण मात्र बाधतो. अल्झायमरच्या रुग्णांची वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्या जोडीदारांत फ्लूच्या लशीचा प्रतिसाद कमी दिसला, तो अभ्यास १९९६ चा. हे देवीच्या लशीवरचे प्रयोग नव्हेत, पण पाच मिनिटांच्या भीतीपायी लस टाळू नकोस.

सुईभित्री:
काका, डॉक्टरांना मेल टाकली, जिनियोसच मागितली. आडवं पडून घेते म्हटलं तर चालेल ना? लाज वाटते.

दंडावर_खूण:
चालेल काय, तसंच सांगा. पाय आणि पोटऱ्या घट्ट आवळून धरायच्या, सोडायच्या, परत आवळायच्या, म्हणजे रक्तदाब पडत नाही. टोचायचा हात तेवढा सैल सोडा. आमच्या तुकडीत सहा फुटी गडी असेच झोपून घ्यायचे.