शब्दचर्चा : काढणे, हटवणे, खोडणे, पुसणे... 'डिलीट'ला नेमकं काय म्हणावं?

वेलांटी
संगणक आणि फोन नव्याने शिकणाऱ्यांसाठी मराठीत सूचना लिहिताना एका शब्दावर गाडी अडली आहे. डिलीट, रिमूव्ह, इरेज, क्लिअर, अनइन्स्टॉल, फॉरमॅट हे सगळे वेगवेगळे प्रकार, पण मराठी मेनूंमध्ये बऱ्याचदा 'हटवा' नाहीतर 'काढा' यावरच भागवलेलं दिसतं. मसुद्यात 'नको असलेला फोटो काढा' असं वाक्य होतं. वाचणाऱ्याने कॅमेराच उघडला तर त्याचा काय दोष? कुठे कोणता शब्द वापरावा?

बोरू
'काढणे' आधी बाद करा. हे क्रियापद मराठीत दोन्ही दिशांनी चालतं. फोटो काढला, चित्र काढलं, प्रिंट काढली, बँकेत खातं काढलं : नव्हतं ते झालं. काटा काढला, डाग काढला, यादीतून नाव काढलं : होतं ते गेलं. 'खातं काढा' असं बटण असेल तर ते नवं खातं उघडायचं की असलेलं बंद करायचं, हे वाचून कळायला मार्गच नाही. 'काढून टाका' म्हटलं की 'टाकणे'मुळे दिशा ठरते.

ओवी
फोटोच्या बाबतीत तेही ठरत नाही. 'एकदाचा फोटो काढून टाकू' म्हणजे काम उरकू! फोटोला 'हटवा'च बरं. हटवणे हिंदीतून आलंय म्हणून नाक मुरडणारे भेटतील, पण अतिक्रमण मराठीतही हटवतातच.

कळफलक
शब्दकोश बाजूला ठेवून आधी डिस्कवर काय घडतं ते बघू. तीन वेगळ्या क्रिया आहेत आणि तिन्हींना मराठीत चपखल शब्द तयार आहेत.

पहिली, हटवणे. विंडोजमध्ये फाइल निवडून डिलीटची कळ दाबली की फाइल रिसायकल बिनमध्ये जाते. जाते म्हणजे काय, तर त्याच ड्राइव्हवर 'रिसायकल बिन' नावाचा एक लपलेला फोल्डर असतो, त्यात तिची नोंद सरकवली जाते. नाव बदलून 'डॉलर-आर' आणि पुढे सहा अक्षरं-आकडे असं होतं. जोडीला 'डॉलर-आय'ने सुरू होणारी एक चिमुकली फाइल तयार होते. मूळ नाव, मूळ जागा, आकार आणि हटवल्याची वेळ तिच्यात असते. म्हणूनच 'रिस्टोअर' केल्यावर फाइल बरोबर जुन्या फोल्डरात जाऊन बसते. वस्तू एका जागेवरून हटली, घराबाहेर गेली नाही. डिस्क भरली म्हणून चार जीबीचे व्हिडिओ हटवले आणि जागा तेवढीच दिसते, ही तक्रार इथूनच येते. बिन रिकामा केल्याशिवाय एक बाइटही मोकळा होत नाही.

दुसरी, खोडणे. शिफ्ट धरून डिलीट दाबलं किंवा बिन रिकामा केला की ही क्रिया होते. फाइलींची नोंद ठेवायच्या जुन्या 'फॅट' पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर तर ती शब्दशः खोडणे आहे : फोल्डरच्या यादीत त्या फाइलच्या नावाचा पहिला बाइट बदलून तिथे 'ई५' हा सांकेतिक आकडा लिहिला जातो. ओळीवर काट मारल्यासारखं. फाइलचे तुकडे कुठे-कुठे आहेत ती साखळीही शून्य केली जाते, पण मजकूर जागच्या जागी. खोडलेलं परत मिळवणाऱ्या रिकव्हरी सॉफ्टवेअरमध्ये कधीकधी नावाचं पहिलं अक्षर गायब दिसतं ते त्या 'ई५'मुळे. परत मिळालेल्या फोटोचा वरचा भाग ठीक आणि खाली नुसता राखाडी पट्टा, हे होतं साखळी तुटल्यामुळे. विंडोजच्या एनटीएफएस या नोंदपद्धतीत खूण वेगळी असते, तत्त्व तेच : 'ही नोंद आता वापरात नाही' एवढंच लिहितात.

तिसरी, पुसणे. मूळ मजकुरावर दुसरं काहीतरी, बहुधा शून्यं, लिहिणं. यानंतर वाचायला काही उरत नाही.

'डिलीट' या एका शब्दात पहिल्या दोन क्रिया येतात, आणि लोकांना वाटतं तिसरी झाली.

बोरू
झकास. फक्त 'पुसणे'चा जुना अर्थ विचारणे असाही आहे, 'विचारपूस'मध्ये तो अजून जिवंत आहे. पण 'डिस्क पुसा' वाचून कोणी डिस्कची ख्यालीखुशाली विचारणार नाही. फडकं घेऊन वरून पुसण्याचा धोका मात्र आहे. 'डिस्कवरचा मजकूर पुसा' असं पूर्ण लिहा.

जुनाट_माउस
पहिल्या क्रियेला अपवाद आहेत, ते सूचनांमध्ये आलेच पाहिजेत. पेन ड्राइव्हवरची फाइल साध्या डिलीटनेही सहसा बिनमध्ये जात नाही, थेट खोडली जाते. नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरचंही तसंच. बिनला ठरलेल्या मर्यादेपेक्षा फाइल मोठी असेल तर 'कायमची जाईल' असा इशारा येतो, आणि लोक सवयीने एंटर मारतात. मर्यादा बघायची तर बिनच्या चित्रावर उजवी क्लिक, मग प्रॉपर्टीज. तिथे प्रत्येक ड्राइव्हचा आकडा एमबीमध्ये असतो आणि तो वाढवता येतो.

आता 'फॉरमॅट मारणे'. बोलीतला 'मारणे' मला आवडतो, कारण करणाऱ्याचा आवेशही तसाच असतो. पण इथेही दोन प्रकार. क्विक फॉरमॅट नवी कोरी अनुक्रमणिका तयार करतं, पुस्तकाची पानं तशीच. म्हणजे ते खोडणेच, सगळं एकदम. 'क्विक'समोरची खूण काढून टाकली की विंडोज व्हिस्टापासून पुढे संपूर्ण भागावर शून्यं लिहिली जातात, म्हणजे पुसणे. त्याआधी एक्सपीमध्ये मात्र पूर्ण फॉरमॅटसुद्धा फक्त खराब भाग तपासायचं, मजकुराला हात लावायचं नाही. 'पूर्ण फॉरमॅटनेही डेटा राहतो' हा समज तेव्हापासून चालत आलाय.

वेळेवरूनही फरक कळतो. क्विक काही सेकंदांत आटोपतं. ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह सेकंदाला १० एमबी या वेगाने लिहीत असेल तर पूर्ण फॉरमॅटला पावणेदोन तासांच्या आसपास लागतील. पाच मिनिटांनी 'अडकलं' म्हणून ओढून काढू नका.

वेलांटी
म्हणजे खोडलेलं परत मिळतं असं सरळ लिहू?

कळफलक
नको. फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कवर मिळण्याची शक्यता बरी, अट एकच : त्या डिस्कवर नवं काही लिहिलं जाता कामा नये. ब्राउझर उघडणं, अपडेट, सगळं लिहितंच. चुकून खोडलंय हे कळताच काम थांबवा आणि रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हवर उतरवू नका. नेमकी हीच चूक सर्रास होते : हरवलेली फाइल शोधायला आणलेलं सॉफ्टवेअर तिच्याच जागेवर जाऊन बसतं. मायक्रोसॉफ्टचं 'विंडोज फाइल रिकव्हरी' फुकट आहे, विंडोज १०च्या २००४ (हा क्रमांक, साल नव्हे) या आवृत्तीपासून पुढे चालतं. त्याला बटणं नाहीत, आज्ञा टाइप करायच्या, आणि सापडलेलं ठेवायला दुसरा ड्राइव्ह द्यावाच लागतो.

एसएसडीवर, म्हणजे फिरती चकती नसलेल्या, चिपच्या डिस्कवर गोष्ट वेगळी. विंडोज ७पासून फाइल खोडली की विंडोज एसएसडीला 'ट्रिम' नावाची सूचना पाठवतं : हे भाग आता लागणार नाहीत. एसएसडी ते आपल्या सवडीने आतून साफ करते. खोडण्याचं पुसणं होतं ते असं, आपोआप, आणि थोड्याच वेळात. तिथे आशा दाखवू नका.

फोनमध्ये तिसरीच तऱ्हा. हल्लीच्या अँड्रॉइड फोनमधला आणि आयफोनमधला मजकूर कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा, असतो. फॅक्टरी रीसेट करताना मजकूर कूटबद्ध ठेवणारी किल्लीच नष्ट होते, म्हणून काम मिनिटांत होतं. मजकूर पुसला म्हणण्यापेक्षा कुलूप लावून किल्ली वितळवली म्हणणं खरं. याला 'फोन कोरा करणे' लिहावं असं माझं मत. दोन इशारे जोडा. मेमरी कार्ड बहुधा कोरं होत नाही, ते आधी बाहेर घ्या. आणि फोन दुसऱ्याला देण्यापूर्वी सेटिंग्जमधून गूगल खातं काढून टाका. नाहीतर रिकव्हरी मेनूतून कोरा केलेला फोन सुरू होताना आधीच्या मालकाचा पासवर्ड मागत बसेल. आयफोनवर त्याच कारणासाठी 'फाइंड माय' (हरवलेला फोन शोधायची सोय) बंद करायचं.

ओवी
सगळ्यात जास्त नुकसान 'हटवा'मुळे होतं ते क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात, आणि तिथे दोष शब्दाचा आहे. गूगल फोटोजमध्ये बॅकअप चालू असताना फोटो हटवला तर तो फोनमधून जातो, क्लाउडवरून जातो आणि त्या खात्याला जोडलेल्या इतर ठिकाणांहूनही जातो. फोनमध्ये जागा करायला निघालेला माणूस 'क्लाउडवर तर आहेच' असं समजून हेच बटण दाबतो. त्याला हवं असतं ते 'जागा मोकळी करा'. त्याने बॅकअप झालेल्या फोटोंची फोनमधली प्रत तेवढी जाते, क्लाउडवरची राहते. सूचनेत 'हटवा' एकटं कधीच लिहू नये. 'फोनमधून हटवा' की 'सगळीकडून हटवा', हे लिहायलाच हवं. मराठीला पंचमी विभक्ती आहे, ती वापरा की!

मुदतीही द्या. गूगल फोटोजच्या बिनमध्ये बॅकअप झालेला फोटो ६० दिवस राहतो, बॅकअप नसलेला ३०. जीमेलच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस.

व्हॉट्सॲपने हा भेद शब्दात आणलाय : 'माझ्यासाठी' आणि 'प्रत्येकासाठी'. 'प्रत्येकासाठी'ला मुदत २ दिवस १२ तासांची, आणि मागे 'संदेश हटवला' अशी ओळ उरते. कळफलक यांच्या हिशोबाने हे खोडणं झालं : मजकूर वाचता येत नाही, पण काट मारल्याचं सगळ्यांना दिसतं. समोरच्याने फोटो आधीच उतरवून घेतला असेल तर तो काही परत येत नाही. घाईत 'माझ्यासाठी' दाबलं गेलं तर लगेच काही सेकंद 'पूर्ववत करा' दिसतं, तेवढ्यात ते दाबायचं.

बोरू
'अनइन्स्टॉल'ला 'विस्थापित करणे' सुचवतात. व्याकरणाने बिनचूक, पण धरणाखाली गावं जातात तेव्हा माणसं विस्थापित होतात. ॲपला कशाला तो मान? 'अनइन्स्टॉल'च ठेवा आणि काय होतं ते पुढे लिहा. डेस्कटॉपवरचा बाण असलेला शॉर्टकट हटवला तर फक्त पाटी निघते, दुकान चालूच. फोनच्या मुख्य पडद्यावरून चिन्ह बाजूला केलं तरी तेच. आयफोनवर आणखी एक 'ऑफलोड' आहे : ॲप जातं, त्यातली माहिती राहते, पुन्हा घेतलं की जुळते. त्याला 'ॲप उतरवणे' म्हणावंसं वाटतं, पण आपण 'ॲप उतरवून घ्या' म्हणजे डाउनलोड म्हणतो. पुन्हा तीच दोन दिशांची बोंब.

'क्लिअर'ला 'साफ करा' चालेल, पण कशाला ते सांभाळा. अँड्रॉइडमध्ये 'कॅशे (ॲपने तात्पुरता साठवलेला मजकूर) साफ करा' निर्धोक आहे, ॲप लागेल ते पुन्हा तयार करतं. त्याच पानावरचं 'स्टोरेज साफ करा' म्हणजे साफ या शब्दाच्या दुसऱ्या अर्थाने साफ : लॉगिन, सेटिंग्ज, ॲपमध्येच साठवलेल्या नोंदी, सगळं जातं. आणि 'कॅश' नको, 'कॅशे'च लिहा, पैशांच्या ॲपमध्ये 'कॅश साफ करा' वाचून घाम फुटेल.

जुनाट_माउस
'खोडणे' आणखी एका ठिकाणी फसवतं. ओळखपत्राची पीडीएफ पाठवताना क्रमांकावर काळा चौकोन ठेवतात. तो वरून चिकटवलेला कागद. खालचा मजकूर माउसने निवडून, कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट केला की अक्षर न् अक्षर वाचता येतं. फोनमधल्या हायलायटरने चार वेळा गिरवलेलं काळं तर उजेड वाढवल्यावर कधीकधी नुसतं डोळ्यांनाही दिसतं. खात्रीचा उपाय : चौकोन अपारदर्शक ठेवा, मग त्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन तो पाठवा. चित्रात थर उरत नाहीत.

'कापणे'सुद्धा दर वेळी कापणे नसतं. २०२३च्या मार्चमध्ये उघड झालं की गूगल पिक्सेल फोनच्या मार्कअप साधनात स्क्रीनशॉट कापला तरी मूळ चित्राचा बराच भाग फाइलच्या शेपटीला तसाच राहत होता. विंडोज ११च्या स्निपिंग टूलमध्येही तोच दोष सापडला. दोन्ही दुरुस्त झाले, पण त्याआधी कापून पाठवलेली चित्रं जशी होती तशीच आहेत.

वेलांटी
हटवणे, खोडणे, पुसणे, कोरा करणे ठरलं. एक अडचण उरली. खात्री विचारणाऱ्या चौकटीत 'अपलोड रद्द करायचं का?' असा प्रश्न आणि खाली बटणं 'ठीक आहे' आणि 'रद्द करा'. अपलोड थांबवायचं तर कोणतं दाबायचं?

बोरू
कोणतंही दाबा, पस्तावाल. 'ठीक आहे' आणि 'रद्द करा' दोन्ही बटणांवरून उडवा. क्रियेचं नाव लिहा : 'अपलोड थांबवा'. आणि माघारीच्या बटणावर 'राहू द्या'. प्रश्न हटवण्याचा असेल तर फाइल राहते, थांबवण्याचा असेल तर काम चालू राहतं.

ओवी
'राहू द्या' फार छान! फक्त चौकटीतला प्रश्न नकारार्थी नको. 'बदल जतन न करता बाहेर पडायचं का?' याच्याखाली 'राहू द्या' लिहिलं की बदल राहू द्यायचे की बाहेर पडणं राहू द्यायचं, हे परत कळेनासं होतं. तिथे 'जतन करा', 'सोडून द्या' आणि 'इथेच थांबा' अशी तीन बटणं लागतील.