मदत हवी आहे: शिराझची साखर पुढे, बिया मागे

नमस्कार मंडळी. अथणी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. इकडे बहुतेक माल बेदाण्याला जातो, पण एका तुकड्यात वाईनसाठी शिराझ जातीचं काळं द्राक्ष लावलंय. तेवढ्याच तुकड्याची वेगळी रेड वाईन करायचा वायनरीवाल्यांचा विचार आहे. म्हणजे हंगाम बिघडला तर दुसऱ्या बागेचा माल मिसळून झाकायची सोय नाही.

यंदा परतीच्या पावसानं फळछाटणी (घड धरण्यासाठीची वेलींची छाटणी) लांबली. त्यामुळे मण्यात पाणी उतरायची, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागायची वेळ थेट उन्हात आली. दुपारी पारा ३५ च्या वर, रात्रीही म्हणावा तसा गारवा नाही. उष्णतेनं मॅलिक आम्ल (द्राक्षाला आंबटपणा देणारं) झपाट्यानं उतरतं, रंगही फिका राहतो, हे ठाऊक आहे. आता ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) २३, पण बिया अजून हिरव्या, चावल्या की तोंड तुरट.

थांबलो तर ब्रिक्स २५ च्या पुढे जाऊन अल्कोहोल चढेल, आम्ल आणखी घटेल. आत्ता तोडलं तर कच्चा तुरटपणा वाईनमध्ये उतरेल. (बेदाण्यात ही कटकट नाही बघा, साखर चढली की झालं!)

नाशिक-सांगलीकडच्या अनुभवी मंडळींनी सांगावं: तोडणी दोन टप्प्यांत करावी का? आणि पश्चिमेकडची पानं घडांवर सावलीला राखली, तर आता काही फरक पडेल?